तळाचा श्वास

सहलीच्या आधीच्या आठवड्याला सांगलीत सगळे सोवळ्याचा आठवडा म्हणत. सरकारी नाव वेगळंच काहीतरी लांबलचक होतं, पण ते तिकिटाच्या पाठीमागे छापण्यापुरतंच. या आठवड्यात लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही, भाजी फाटकाबाहेरच ठेवून घ्यायची आणि शेजारी कुणी शिंकलं की आपली खिडकी लावून घ्यायची. सहल म्हटली की पूर्वी बायका चकल्या पाडत, बॅगा भरत, मग आठवण झाली म्हणून सगळ्या उपसून पुन्हा भरत. ते सगळं अजून होतंच. फक्त त्याच्या जोडीला रोज सकाळी आरशासमोर आ करून स्वतःचा घसा बघणं आलं होतं.

प्रवासाची हौस काही कमी झाली नव्हती. उलट एकदा बस सुटली की माणसं लहान पोरांसारखी हरखत, कारण बंद दारांची ती दोन वर्षं कुणीच पुरतं विसरलं नव्हतं. पण बस सुटेपर्यंत कुणाच्या जिवात जीव नसे. बसच्या दाराशी चोंबडी असे.

तिचं खरं नाव श्वासवेधक. एका खांबावर बसवलेला पांढरा डबा, त्याला पुढे नरसाळं, आणि नरसाळ्यात दर माणसागणिक नवी कागदी नळी. माणसाच्या शरीरात जे काही चाललेलं असतं त्याचे बारीकसारीक वायू रक्तातून फुप्फुसात उतरतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात. विषाणू आत शिरला की शरीर त्याच्याशी झगडायला लागतं आणि या वायूंचं मिश्रण बदलतं. ताप चढण्याच्या आधीच बदलतं, आणि ठरलेल्या क्रमाने बदलतं. त्यामुळे माणूस आजारी आहे का एवढंच सांगून चोंबडी थांबत नसे. आजार किती दिवसांचा आहे तेही ती सांगे, आणि गटात दोघं आजारी निघाले तर कुणाचा आधीचा हे लगेच कळे. ज्याचा सगळ्यात जुना, तो मूळ. मूळ ठरलेल्या माणसाला वर्षभर कुठल्याच बसमध्ये, गाडीत, विमानात पाय ठेवता येत नसे.

आणि एकाचा जरी लाल दिवा लागला तरी सगळ्या गटाची सहल रद्द. याला लोक सुतक म्हणत. नियम कडक होता, पण त्याच्याच जोरावर एकदा आत गेलेली माणसं मास्क न लावता शेजारी शेजारी बसू शकत, एकमेकांच्या डब्यातलं खाऊ शकत. लाल दिवा लागलेल्या माणसाला मात्र पुढे कितीतरी दिवस गल्लीतून खाली मान घालून जावं लागे.

वैजयंती मानेचा चोंबडीशी संबंध इतरांपेक्षा जवळचा होता. ती विश्रामबागेत प्राणायामाचा वर्ग घेई. ‘मोकळा श्वास’ नावाच्या सहल कंपनीने आपल्या यंत्रांसाठी तिचाच आवाज घेतला होता. नळी तोंडाला लावली की डब्यातून वैजयंती बोले: “सावकाश. अजून थोडा. तळापर्यंत सोडा. मागे काही ठेवू नका.” भाजी घेताना अनोळखी माणसं तिला आवाजावरून ओळखत. तिला ते फार आवडे. आवडत नाही असं ती सगळ्यांना सांगे.

तळापर्यंत सोडायला सांगण्याचं कारण होतं. श्वासाचा पहिला भाग म्हणजे नुसती तोंडातली आणि श्वासनळीतली हवा, ती फुप्फुसाच्या खोल भागात गेलेलीच नसते. खरी गोष्ट शेवटच्या हवेत असते. म्हणून चोंबडी ठरावीक मापाचा श्वास भरून मागे, आणि तेवढं माप भरायला साध्या माणसाला तळ खरवडावा लागे. आवाज भरून देताना वैजयंतीच्या लक्षात एक गंमत आली होती. तीस वर्षांच्या सरावाने तिची छाती एवढी मोठी झाली होती की मोठ्या हंड्यातून वरवरचं पाणी काढावं तसं ते माप तिला वरच्यावर भरता येई आणि तळाची हवा डब्यापर्यंत पोचतच नसे. आधी थोडा वेळ भस्त्रिका करून, भात्यासारखा जोरजोरात श्वास घेऊन-सोडून, छाती धुऊन घेतली तर मग बघायलाच नको. ही गंमत तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण तिचा कुणाला उपयोग होईल असं तिला वाटलंच नव्हतं.

यंदाची सहल कूर्गला होती, कॉफीचा फुलोरा बघायला. उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडे एक पाऊस पडतो आणि त्यानंतर आठवड्याभराने कॉफीचे मळेच्या मळे पांढरेशुभ्र फुलतात. मोगऱ्याच्या जवळपास जाणारा वास असतो. चार दिवसांत सगळं सुकून जातं. म्हणून मळ्याच्या मालकाचा पाऊस पडल्याचा निरोप आला की सोवळं सुरू करायचं आणि निघायचं. ही तारीख पुढे ढकलता येत नसे.

वर्गातल्या सगळ्या जणी नाव नोंदवून मोकळ्या झाल्या, एकट्या उज्ज्वलाताई कोरे सोडून. त्या बावीस वर्षांत सांगलीच्या बाहेर गेल्या नव्हत्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या एस.टी.ने तासगावला भाचीच्या हळदीला गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या, आणि त्यानंतर एका सकाळी फोडणीचा वास येईना तेव्हा त्यांना कळलं. मग यजमानांना खोकला सुरू झाला. त्यांना घेऊन गाडी गेली ती गेलीच, नंतर घरी आला तो महापालिकेचा फोन. उज्ज्वलाताई बऱ्या झाल्या. “मीच आणलं ते घरात,” एवढं एकच वाक्य त्यांनी वैजयंतीला सांगितलं होतं, तेही वर्गाला येऊन पाच वर्षं झाल्यावर.

त्यांना वैजयंतीने तयार केलं. महिनाभर मागे लागून, चहाला बोलावून, फुलोऱ्याचे फोटो दाखवून. मी तुमच्या शेजारीच बसेन, माझ्या शेजारी तुम्हाला काही होणार नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. उज्ज्वलाताईंनी मग एकदाचं तिकीट काढलं आणि सोवळं असं पाळलं की दूधवाल्यालाही हातानेच खुणा केल्या.

सोवळं मोडलं ते वैजयंतीने. त्या आठवड्यात मिरजेच्या एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. नाही म्हणायला तिने फोन उचलला होता, पण पलीकडचे गृहस्थ म्हणाले की मॅडम, तुमच्याशिवाय कार्यक्रमाला अर्थ नाही, आणि तिच्या तोंडून निघालं की अर्धा तास येते. शाल घालणारे अध्यक्ष तिच्या कानाशी वाकून कौतुक करता करता दोनदा खोकले होते. घरी येऊन तिने शाल कपाटात तळाशी घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

निघायच्या सकाळी घशात खवखव होती. अगदी बारीक, पाणी प्यायल्यावर जाणारी. वैजयंती आरशासमोर उभी राहिली आणि तिला सगळं एकदम दिसलं: स्टँडवर जमलेल्या बायका, लाल दिवा, आणि तिच्याच आवाजात बोलणारा डबा. श्वास शिकवणाऱ्या बाईचाच श्वास नासका निघाला म्हणतील. सोवळ्यात सत्कार घ्यायला गेली म्हणतील. उज्ज्वलाताई पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, हाही विचार आला. पण तो नंतर आला, आणि आल्यावर तिने तो पुढे आणून ठेवला. आपण हे त्यांच्यासाठी करतोय असं स्वतःला सांगत तिने स्टँडच्या स्वच्छतागृहात दार लावून भस्त्रिका केली. आपल्याच विद्येचं असं काहीतरी करताना तिला लाज वाटली. लाल दिव्याची लाज त्याहून मोठी वाटली.

“तळापर्यंत सोडा,” डबा म्हणाला. “मागे काही ठेवू नका.”

हिरवा दिवा लागला. मागे उभ्या असलेल्या उज्ज्वलाताई हुश्श म्हणाल्या.

वाटेत अंताक्षरी झाली, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या या हातातून त्या हातात गेल्या. मास्क लावायची सोय नव्हती, लावला असता तर साऱ्या बसने का म्हणून विचारलं असतं. वैजयंतीने खिडकी उघडी ठेवली आणि तोंड बाहेर करून बसली. पण घाट लागला तशा उज्ज्वलाताई घाबरल्या आणि तिचा हात धरून तिला चिकटून बसल्या. मॅडम, काहीतरी बोलत राहा की, म्हणजे भीती वाटत नाही, असं म्हणाल्या. वैजयंती बोलत राहिली. दुसरं काही सुचलंच नाही.

मळ्यावर बस पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झुडपांच्या फांद्याफांद्यांवर पांढरी फुलं दाटली होती. बायका खाली उतरल्या. मग एकेकीने डोळे मिटून नाक वर केलं. काय वास आहे गं, अगं अंगावर येतोय, असं सगळीकडून ऐकू यायला लागलं. वैजयंतीने श्वास घेतला. आत नुसती गार हवा गेली. तिने एक फांदी ओढून फुलं नाकाला लावली, तरी काही नाही.

उज्ज्वलाताई तिच्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “ह्यांना मोगरा फार आवडायचा,” त्या म्हणाल्या. “येतोय ना वास?”

“हो तर,” वैजयंती म्हणाली. “काय घमघमाट आहे.”

त्या क्षणी तिला बोलता आलं असतं. नंतर तिने या जागेचा फार विचार केला. तोवर सगळं खवखवीवर ढकलता येत होतं, पण इथे तिला पक्कं कळलं होतं आणि शेजारी उभं असलेलं माणूस कोण आहे हेही तिला माहीत होतं. ती फुलांचे फोटो काढायला पुढे गेली. पुढचा दीड दिवस डोकं दुखतंय म्हणून ती खोलीत पडून राहिली. उज्ज्वलाताई तिला गरम पाणी नेऊन देत आणि पायाशी बसून फुलोऱ्याच्या गोष्टी सांगत. मुलाला फोन करून त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी मी समुद्र बघायला जाणार आहे.

परतायच्या दिवशी सकाळी न्याहारीला सगळ्या व्हरांड्यात बसल्या होत्या. ताज्या कॉफीचे कप आले. उज्ज्वलाताईंनी कप नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. त्यांचा चेहरा असा उतरला की वैजयंतीने मान फिरवली. दुसरी कुणी असती तर कॉफी पिऊन गुपचूप बसमध्ये जाऊन बसली असती. उज्ज्वलाताई उठल्या, पदर तोंडावर घट्ट धरला, लांब अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून सहलीच्या व्यवस्थापकांना, हुल्याळकरांना हाक मारली. “माझ्यापासून लांब राहा सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. “मला वास येत नाहीये.”

बसमधली चोंबडी खाली उतरवली. उज्ज्वलाताईंचा दिवा लाल लागला. मग बाकीच्यांना एकेक करून बोलावलं. नियम असा की आणखी कुणी लाल निघालं नाही तर गटाने घरी जाऊन कोंडून घ्यायचं आणि लाल निघालेल्याने तिथल्या आरोग्यगृहात राहायचं. एकच लाल, तर मूळही तोच.

रांगेत उभं असताना वैजयंतीने ठरवलं होतं की पूर्ण सोडायचा. अगदी नक्की ठरवलं होतं. नळी तोंडाला लावली, स्वतःचा आवाज ऐकला, आणि सोडायला लागली. माप भरत आलं तशी छाती खाली दबेना. तळाची हवा तिथेच धरून राहिली. सवय होती की भीती हे तिला सांगता आलं नसतं, पण थांबवलं कुणी तर तिनेच. हिरवा दिवा लागला आणि बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मॅडम तर तिच्या शेजारी बसल्या होत्या, तरी बघा, याला म्हणतात साधना, असं कुणीतरी म्हणालं.

बस भरली. आरोग्यगृह मळ्याच्या फाटकाला लागूनच होतं, चार खोल्या आणि पुढे जाळीचा व्हरांडा. बसमध्ये बोलणं सुरू झालं होतं. सोवळं नीट पाळलं नसणार, दूधवाल्याशी बोलली असणार, असल्या बाईला आणायलाच नको होतं. त्या काळी नवऱ्याला पण हिनेच दिलं म्हणे. हे शेवटचं वाक्य ज्या बाई बोलल्या त्यांना ती गोष्ट वैजयंतीनेच कधीतरी सांगितली होती, विश्वासाने.

तिने खिडकीतून बघितलं. उज्ज्वलाताई जाळीशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी बसकडे बघून हात जोडले होते. निरोपाचे नव्हेत. चुकलं, माफ करा असे.

वैजयंती उठली. हुल्याळकर दार लावत होते, त्यांना तिने बाजूला केलं आणि खाली उतरली.

“काय ओ मॅडम, राहिलं का काही?” त्यांनी विचारलं.

“माझा परत घ्या,” ती म्हणाली. “मी तळाचा सोडला नव्हता.”

त्यांना समजलं नाही. मग तिने समजावून सांगितलं: माप कसं भरते, आज कसं भरलं, सांगलीला स्टँडवर कसं भरलं. बसच्या खिडक्या उघड्या होत्या. आत सगळं ऐकू जात होतं. हुल्याळकरांनी नवी नळी बसवली. डब्यातून तिचा आवाज आला, सावकाश, अजून थोडा, आणि वैजयंतीने श्वास सोडला. माप भरलं तरी सोडत राहिली. पोट पाठीला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घशातून खोकल्याची उबळ उठली, तेव्हाच थांबली.

दिवा लाल. आजार उज्ज्वलाताईंच्यापेक्षा जुना, निघायच्या आधीपासूनचा.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. लपवून आणलेला आजार म्हटल्यावर सगळ्या गटालाच आता जिल्ह्याच्या गावी, मडिकेरीला नेऊन ठेवणार होते. बायका आपापली पिशवी उचलून खाली उतरल्या आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत लांब झाडाखाली जाऊन थांबल्या. वर्गात वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसणारी एक जण तिच्या जवळून गेली ती श्वास रोखून. हुल्याळकरांनी कंपनीला फोन लावला. यंत्रातला आवाज आजच्या आज बदला, असं ते म्हणत होते, आणि ती ऐकतेय हे दिसल्यावर पाठ करून बोलायला लागले.

तिला उज्ज्वलाताईंच्या शेजारची खोली मिळाली. व्हरांडा एकच, मध्ये काचेचा पडदा, बोलायला त्यात बारीक भोकांची जाळी. उज्ज्वलाताई खुर्चीवर बसल्या होत्या, अंगात ताप होता. अंगणात काय झालं ते त्यांनी लांबून बघितलं होतं, ऐकू काही आलं नव्हतं. मॅडम, तुम्हालाही दिलं का हो मी, असं त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच रडायला लागल्या.

वैजयंतीने उभ्यानेच सांगितलं. मिरजेचा सत्कार सांगितला, अध्यक्षांचा खोकला सांगितला, स्टँडवरची भस्त्रिका सांगितली. फुलोऱ्याचा वास आला नव्हता हेही सांगितलं. हे सगळं मी तुमच्यासाठी केलं, हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. ते खरं नव्हतं.

उज्ज्वलाताई खुर्चीतून उठून काचेजवळ आल्या. शिव्या येतील म्हणून वैजयंती थांबली होती, तिला त्या हव्या होत्या. पण त्या बाईंचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला.

“म्हणजे मी नव्हते,” त्या म्हणाल्या.

“नाही. तुम्ही नव्हता.”

“मी नव्हते,” त्या पुन्हा म्हणाल्या, स्वतःशीच. पदराने त्यांनी तोंड पुसलं. राग शोधून सापडला नसता अशी त्यांची मुद्रा होती, आणि वैजयंती काचेला पाठ लावून खाली फरशीवर बसली. आयुष्यात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती, खाली बसूनही ती कमी झाली नाही. बाहेर फुलं तांबूस पडायला लागली होती. मडिकेरीची गाडी आली, बायका चढल्या, गाडी गेली. कुणी मागे बघितलं नाही.

जाळीतून पुन्हा आवाज आला. अगदी हळू, वर्गात शंका विचारावी तसा.

“मॅडम, एक विचारू का? तेव्हा तासगावला, हळदीला. पाहुण्यांत एक बाई सारखी घसा खाकरत होत्या. माझ्याच शेजारी जेवायला होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, धुळीने झालंय. मला हे बावीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं.” त्या जाळीशी आणखी वाकल्या. “त्यांनाही माहीत असेल का हो? आणि गप्प बसल्या असतील?”

वैजयंती फरशीवरच वळून जाळीकडे तोंड करून बसली.

“सांगा की,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “तुम्हाला माहीत असणार.”